अंजनगाव गप्प आहे

प्रमिलाताईंचा पहिला फोन भांडणाचा होता. अकोल्याच्या जठारपेठेत, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. दुपारी मी डबा उघडला आणि फोन वाजला. उचलला, तर पलीकडच्या बाईंनी नाव-गाव काही न सांगता विचारलं,

“आमच्या हेडमास्तरले दहा डोये हायत का?”

मी म्हटलं, “आपण कोण बोलताय?”

“अंजनगावहून, चष्म्याच्या दुकानातून, प्रमिला खारोडे. एका मान्साचे पाच चष्मे आले. एकच नंबर, एकच फ्रेम, पाचही डब्यायवर त्याचंच नाव. आता मी काय करू? त्याच्या घरच्या सगयायले वाटू?”

मी अमरावतीची, लग्न होऊन अकोल्याला आलेली. ही बोली माझ्या घरातलीच. तरी त्या दिवशी तोंडातून ऑफिसचीच मराठी निघत होती. मी म्हटलं, “ताई, पाहून सांगते,” आणि फोन ठेवला. समोरच्या टेबलावर माझा भागीदार नदीम बसला होता. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. तो आधी पोटभर हसला आणि मग एकदम कॉम्प्युटरकडे वळला. तो प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिलेला होता.

आमचं काम काय होतं, ते आधी सांगायला हवं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात, फ्रेम निवडायला देतात, पण काच बहुतेक वेळा तिथं तयार होत नाही. साधा नंबर असेल तर दुकानदाराकडे तयार काच असते. जाड नंबर, तिरपा नंबर, दोन भागांची काच असली की ती घासून घ्यावी लागते. अकोल्याच्या एमआयडीसीत असा काचा घासण्याचा एक कारखाना होता. आकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, परतवाडा, अंजनगाव अशा गावांमधले दुकानदार त्याच्याकडे ऑर्डर द्यायचे. तयार चष्मे एसटीच्या पार्सलनं जायचे. पूर्वी हे सगळं फोनवर चालायचं. दुकानदार नंबर सांगणार, इकडचा माणूस लिहून घेणार. फोनवर ‘साठ’चं ‘सात’ ऐकू यायचं आणि गिऱ्हाइकाला समोरचा खांब वाकडा दिसायचा. म्हणून कारखान्याच्या मालकांनी आम्हाला सांगितलं, दुकानादुकानात कॉम्प्युटरवर असं काहीतरी करून द्या की दुकानदार तिथंच नंबर टाकेल आणि तो जसाच्या तसा आमच्याकडे येईल.

आता यात अडचण अशी, की चष्मा तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. काच आहे का पाहायचं, घासायची, तिच्यावर लेप द्यायचा, फ्रेमच्या आकारात कापायची, बसवायची, तपासायची, डबीत भरायची. बँकेच्या खिडकीपाशी आपण पासबुक देतो आणि ते परत मिळेपर्यंत तिथंच उभे राहतो. तसं दुकानातल्या कॉम्प्युटरनं उत्तराची वाट बघत थांबून चालणार नव्हतं. त्यातून वऱ्हाडातली तेव्हाची इंटरनेटची लाइन. कधी येईल, कधी जाईल, भरवसा नाही. म्हणून आम्ही शिंप्याची पद्धत धरली. आपण ब्लाउज शिवायला टाकतो तेव्हा शिंप्याच्या डोक्यावर उभ्या राहत नाही. माप देतो, चिठ्ठी घेतो, घरी जातो. तो त्याच्या रांगेनं शिवतो. तयार झाला की निरोप येतो, आणि चिठ्ठीवरच्या नंबरावरून कुणाचा कुठला ते कळतं. आमच्या प्रोग्राममध्ये ही माप टाकण्याची आणि निरोप देण्याची रांग होती. दुकानातला कॉम्प्युटर रांगेत निरोप ठेवायचा आणि मोकळा व्हायचा. कारखान्यातला कॉम्प्युटर सवडीनं तो उचलायचा, आणि काचेचं एकेक काम होईल तसा उलट निरोप पाठवायचा.

प्रमिलाताईंनी काय केलं होतं? हेडमास्तरांचा नंबर टाकून बटण दाबलं. पडद्यावर काही हललं नाही. त्यांना वाटलं, गेलंच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. लाइन आल्यावर पाचही ऑर्डरी मुकाट्यानं कारखान्यात पोचल्या आणि कारखान्यानं पाच चष्मे केले. चूक कुणाचीच नव्हती. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही जाणकारानं हे हसत ऐकलं असतं, कारण हे सगळ्यांच्या बाबतीत एकदा होतंच.

आम्ही प्रत्येक ऑर्डरला दुकानातच, जन्मतःच, एक क्रमांक द्यायला सुरुवात केली. तोच क्रमांक पुन्हा आला तर कारखाना म्हणणार, ही माझ्याकडे आहे, आणि सोडून देणार. हे करून मी ताईंना फोन केला. म्हटलं, “आता कितीही वेळा दाबा, चष्मा एकच येईल.”

“मले दाबाची हौस नाई,” त्या म्हणाल्या. “मले फक्त समजलं पाह्यजे, गेली का पोचली.”

“दोन्ही एकच की.”

“एक कसं? पोरगी एसटीत बसली म्हंजे गेली. मामाच्या घरी उतरली म्हंजे पोचली.”

मी नदीमला हे सांगितलं. त्यानं हातातलं काम ठेवलं आणि म्हणाला, “यही चाहिए.” आम्ही पडद्यावर मोठ्या इंग्रजी सूचना लिहिल्या होत्या, त्या काढून टाकल्या. ऑर्डर दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पेटीत जमा झाली की ‘जपून ठेवली’, रांगेत गेली की ‘गेली’, कारखान्यानं उचलली की ‘पोचली’. सगळ्या दुकानांना हे शब्द इतके आवडले, की पुढे आम्ही मराठीतच सगळं करून दिलं.

तिथून फोन सुरू झाले. प्रमिलाताई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मिस्टर अचानक गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. दुकान विकून टाका असं सगळे म्हणत असताना त्यांनी परतवाड्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन नंबर तपासायला शिकून घेतलं आणि मिस्टरांच्या खुर्चीवर बसल्या. हे त्यांनी मला एकदम सांगितलं नाही. ऑर्डरींच्या मधूनमधून, तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

कधी निरोप उलटसुलट पोचायचे. रांगेत असं होतं. एखादा निरोप वाटेत अडकतो आणि मागचा पुढे निघून जातो. एकदा त्यांच्या पडद्यावर ‘पार्सल एसटीत दिलं’ असं आधी आलं, आणि त्यानंतर ‘काच घासायला घेतली’.

“वंदना,” त्या फोनवर म्हणाल्या, “तुमच्या कारखान्यातले लोकं एसटीत बसून काचा घासून राहिले का?”

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. मग निरोपांवर वेळ टाकून ते योग्य क्रमानं दाखवायची सोय केली. अशा किती सोयी मी त्यांच्या एकेका फोनमुळे केल्या, याची गणती नाही. पण फोन फक्त कामाचा राहिला नव्हता. कामाचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं आणि मग त्या विचारायच्या, “जेवली का?” मी सांगायची, आज भेंडी. त्या म्हणायच्या, “रोजची भेंडी. तुह्या नवऱ्याले दुसरी भाजी मालूम नाई का?” माझ्या मुलीची दहावी, सासूबाईंचा गुडघा, त्यांच्या मुलीला आलेली स्थळं, दुकानात आलेला एक म्हातारा ज्याला चष्मा नको होता, फक्त डोळ्यांच्या तपासणीची अक्षरं वाचून दाखवायची होती, कारण लहानपणी शाळा सुटली आणि पन्नाशीनंतर तो रात्रशाळेत शिकला होता. ताईंनी त्याला वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचू दिल्या. मग दर काही दिवसांनी तो यायचाच.

रिकाम्या डब्या ताई कारखान्याला परत पाठवत. त्या पार्सलात ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं असत, माझ्या सासूबाईंसाठी. कारखान्यातून ती आमच्या ऑफिसात येत. नदीम एक पान काढून घ्यायचा आणि म्हणायचा, “हिचा फोन आला की तुझं काम बंद आणि तोंड चालू. पण पान फर्स्टक्लास पाठवते.”

एवढं सगळं होऊनही आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. अंजनगाव काही लांब नाही. पण जायला कारण पडलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात अंजनगाव गप्प झालं.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. एखाद्या दिवशी एखाद्या गावाची ऑर्डर नसते. दुसऱ्या दिवशीही काही आलं नाही. आमच्या पद्धतीतली खरी गोम इथं होती. समोरासमोर बोलताना माणूस गप्प झाला तर लगेच कळतं. निरोपांच्या कारभारात गप्प राहणं ही रोजची गोष्ट असते. दुकान बंद आहे, गिऱ्हाईक नाही, लाइन तुटली, की दुकानदाराला काही झालं, या सगळ्यांचं तोंड सारखंच दिसतं. काहीच येत नाही, बस.

मी दुकानात फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. ताईंकडे तेव्हा मोबाइल नव्हता. नदीम म्हणाला, “लग्नाबिग्नाला गेली असेल.”

“आज त्यांच्याकडे बाजार आहे,” मी म्हटलं. “बाजाराच्या दिवशी त्या स्वतःच्या लग्नाला जाणार नाहीत.”

बाजाराच्या दिवशी अंजनगावची ऑर्डर आली नाही असं कधी झालं नव्हतं. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं त्याच दिवशी येत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी रिकाम्या पडद्याकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकोटमार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसले. नवऱ्याला सांगितलं, कामासाठी जाते आहे. ते खरंच होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला भीती वाटत होती. एकटी राहणारी बाई, मुलगी शिकायला बाहेर, तीन दिवस काही खबर नाही. आकोट गेलं, पुढे रस्त्याच्या कडेला मोठे खड्डे खणलेले दिसले, मातीचे ढीग, आणि त्यांतून बाहेर आलेली काळी जाड केबल, तुटलेली. मला ती पाहून इतकं बरं वाटलं, की शेजारच्या बाईला मी कारण नसताना चिवड्याची पुडी देऊ केली. रस्ता रुंद करताना केबल तुटली होती. फोन आणि इंटरनेट दोन्ही त्याच केबलवर. इकडून मला रिंग ऐकू येत होती, तिकडे फोन मेलेला होता.

दुकान बसस्टँडपासून जवळच. आवाजावरून मी मनात एक धिप्पाड बाई उभी केली होती. काउंटरमागे एक बारकीशी, काटकुळी बाई फ्रेमचा स्क्रू पिळत बसली होती. मी म्हटलं, “प्रमिलाताई आहेत का?”

त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. “वंदना, तू कायले आली? काय झालं?”

“तुम्हाला काय झालं ते पाहायला आले.”

मग त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “मले वाटलं तू उंच असशीन,” त्या म्हणाल्या.

बाकावर खाकी कपड्यांतली एक तरुण बाई बसली होती. तिचं नाव संगीता. ती एसटीत कंडक्टर होती. तिचा नंबर उणे नऊ. गर्दीत धक्का लागून चष्मा पडला आणि लोकांच्या पायाखाली गेला. इतक्या जाड नंबरची काच तयार मिळत नाही, म्हणून ती ताईंकडे आली आणि ताईंनी त्याच दिवशी ऑर्डर टाकली. बिनचष्म्याची ती ड्यूटी करू शकत नव्हती. तिकिटाचे आकडे सोडाच, तिला पायरी दिसत नव्हती. नोकरी नवी होती, रजा शिल्लक नव्हती, आणि आगारातून निरोप आला होता की दोन दिवसांत हजर व्हा. ती रोज येऊन बाकावर बसत होती. घरी बसून करणार काय?

“मी पाह्यलं तं ‘जपून ठेवली’ लिहून आलं,” ताई म्हणाल्या. “मी हिले म्हनलं, जपून हाय, कायजी करू नको. लायन आली का जाते.”

संगीता माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहून म्हणाली, “मॅडम, कधी येईन लाइन?”

मला ते माहीत नव्हतं. मी पर्समधून माझा मोबाइल काढला. रेंजची एक दांडी येत होती, जात होती. ताई म्हणाल्या, “गच्चीवर जा. आमच्या बाजूच्याले तिथंच रेंज येते.”

मग आम्ही जे केलं, ते करावं लागू नये म्हणून मी दोन वर्षं खपले होते. मी गच्चीवर, मोबाइल कानाला. ताई जिन्याच्या तळाशी, तिथून त्यांना काउंटरवरचा पडदा दिसत होता. त्या खालून मोठ्यानं वाचायच्या, मी वर तेच शब्द बोलायची, आणि अकोल्यात नदीम टाइप करायचा. आधी संगीताची, मग बाजाराच्या दिवशीच्या सगळ्या. गच्चीवर पापड वाळत होते, त्यांच्यामधून मी पाय जपून टाकत फिरत होते. दांडी गेली की थांबायचं, आली की पुन्हा तिथून.

“उजवा डोया, उणे नऊ!”

“उजवा, उणे नऊ,” मी.

नदीम म्हणाला, “पुन्हा सांग. आणि वंदना, ऑर्डरचा जन्माचा नंबर सांग. तोच टाकायचा. नाहीतर लाइन आल्यावर सगळे चष्मे डबल होतील.”

तो क्रमांक मी मोठ्यानं विचारला तेव्हा ताई खालून म्हणाल्या, “त्याचं काय काम?”

“दहा डोळ्यांचे हेडमास्तर आठवा,” मी म्हटलं. जिन्यात त्यांचं हसणं घुमलं. संगीतानं काय झालं ते विचारलं. ताईंनी तिला तिथंच पूर्ण गोष्ट सांगितली आणि मी मोबाइल कानाला लावून वाट पाहत उभी राहिले.

काम संपायला दुपार टळली. ताईंनी मागच्या खोलीत ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. संगीताही आमच्यासोबत जेवली. नदीमचा पुन्हा फोन आला. कारखान्यात उणे नऊची काच सापडली होती, घासायला घेतली होती, आणि तिथल्या माणसांनी ती सगळ्यांच्या पुढे लावली होती. मी निघाले तेव्हा ताई बसस्टँडपर्यंत आल्या. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “पोचली का सांग.” मग आठवलं, सांगणार कसं? फोन तर मेलेला. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “मी समजून घेतो.” वऱ्हाडात काही भागांत बायकाही असं ‘घेतो’ म्हणतात. मला ते फार आवडायचं.

चष्मा दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेला. तो घ्यायला संगीता ताईंना घेऊन स्वतः स्टँडवर उभी होती. हे मला नंतर, लाइन आल्यावर, ताईंनी सांगितलं. तिनं डबी उघडून चष्मा लावला, समोरच्या बसची पाटी वाचली, मग ताईंकडे वळून म्हणाली, “ताई, तुमचे केस इतके पांढरे कधी झाले?” दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर हजर झाली.

आणि लाइन आली त्या सकाळी, ताईंच्या पेटीत अडकलेल्या सगळ्या ऑर्डरी एकदम कारखान्यात येऊन धडकल्या. नदीम आणि मी पडद्यासमोर श्वास रोखून बसलो होतो. एकेका ऑर्डरीला कारखाना म्हणत गेला, ही माझ्याकडे आहे. ही आहे. ही पण आहे. एकही चष्मा दुसऱ्यांदा झाला नाही. नदीम खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला आणि रस्त्याकडे पाहत राहिला. आमच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. काही घडलं नाही, हेच आमचं यश. पण त्या सकाळचा अभिमान मला अजून आहे.

पुन्हा असं व्हायला नको म्हणून आम्ही एक छोटा निरोप तयार केला. प्रत्येक दुकानाचा कॉम्प्युटर थोड्या थोड्या वेळानं आपणहून कळवणार, मी आहे. ऑर्डर असो नसो. तो आला नाही की आमच्याकडे सूचना येणार. नदीमनं त्याचं नाव ठेवलं ‘खैरियत’, म्हणजे खुशाली. आमच्या पडद्यावर गावांची नावं आणि प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. आकोट, खैरियत. दर्यापूर, खैरियत. अंजनगाव, खैरियत. ठिपका लाल झाला की कुठली लाइन गेली ते आम्हाला दुकानदाराच्या आधी कळायचं.

हे मी ताईंना मोठ्या उत्साहानं फोनवर समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे आता मशीनच सांगते तुले, का मी हाओ म्हनून.”

“हो ना.”

“मंग तू कायले फोन करशीन?”

मी म्हटलं, “करेन की, ताई.” तेव्हा मला ते थट्टेचं बोलणं वाटलं.

पण तसंच झालं. प्रोग्राम सुधारत गेला आणि फोन कमी होत गेला. दुकानदारांना विचारावं असं काही उरलं नाही. चष्मा कुठपर्यंत आला, ते पडद्यावर दिसायचं. नंबरात चूक असेल तर पडदाच अडवायचा. कारखान्याचे मालक एकदा ऑफिसात आले आणि खूश होऊन म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे आता फोनच वाजत नाही.” मी त्यांना चहा सांगितला.

मी कारणं शोधायची. “ताई, पडद्यावरचं अक्षर बारीक वाटतं का?” त्या म्हणायच्या, “नाई, बराबर हाय,” आणि मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू यायचा. त्यांचं दुकान चालू लागलं होतं, त्यात आमच्या प्रोग्रामचाही वाटा होता. “ठेवतो वं माय, लोकं उभे हायत,” असं म्हणून त्या फोन ठेवायच्या. जेवली का, हे विचारायचं राहून जायचं. त्या डब्यांऐवजी कारखाना पुठ्ठ्याची खोकी वापरू लागला, ती परत करायची नसत. पानं यायची बंद झाली. मी रोज सकाळी ऑफिस उघडलं की आधी अंजनगावचा ठिपका पाहायची. हिरवा असायचा. त्या आहेत, दुकान उघडलं आहे, एवढं कळायचं. त्या जेवल्या का, मुलीचं जमलं का, केसांना आता काय लावतात, यातलं काही त्या ठिपक्यात मावत नव्हतं.

पुढे सगळं मोबाइलवर आलं. कारखाना बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं घेतला, त्यांची स्वतःची पद्धत होती. आमच्या रांगा एकेक करून बंद केल्या. ते काम नदीमनं केलं, मला म्हणाला, तू बाहेर जाऊन ये. नंतर तो मुलीकडे हैदराबादला गेला. ईदला, दिवाळीला आमचा फोन होतो. तोही माझ्यासारखाच, आधी कामाचं काहीतरी विचारतो. ‘अमुक भाषा अजून कुणी वापरतं का?’ मग मी सांगते, मग तो सांगतो, आणि शेवटच्या मिनिटाला तब्येत निघते. आम्ही नवरा-बायको अमरावतीला परत आलो, माझ्या माहेरच्या गल्लीशेजारीच घर घेतलं. ताईंची मुलगी इंदूरला दिली होती, दुकान पुतण्याला देऊन ताई तिच्याकडे राहायला गेल्या, हे मला कुणाकडून तरी कळलं. त्यांचा मोबाइल नंबर माझ्याकडे होता. कारण नव्हतं.

यंदा माझा जवळचा नंबर वाढला. सुईत दोरा जाईना. मुलगी म्हणाली, राजकमल चौकात किती दुकानं आहेत, जाऊन ये. मी हो म्हटलं आणि सकाळी अंजनगावच्या बसमध्ये बसले.

दुकान मोठं झालं आहे. काचेचं दार, आत गारवा, फ्रेमवर दिवे. पुतण्या सचिन चाळिशीचा असेल. त्यानं मशीनवर नंबर काढला, मोबाइलवर दोन बोटं फिरवली आणि ऑर्डर गेली. ती कशी जाते, मध्ये कुठे थांबते, हे मी मनात ओळीनं पाहत होते. त्याला त्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पैसे देताना मी विचारलं, “प्रमिलाताई कशा आहेत?”

“काकू? ठीक आहे की. तुम्ही ओळखता?”

“मी वंदना. अकोल्याची.”

त्यानं पावतीवरून मान वर केली. “फोनवाल्या वंदनाताई?” तो म्हणाला, आणि मी हो म्हणायच्या आत त्यानं नंबर लावून मोबाइल माझ्या हातात दिला.

दोनदा रिंग वाजली. पलीकडून तोच आवाज, थोडा घोगरा झालेला. “बोल रे सचिन. कोनाची ऑर्डर अडकली?”

“कुणाची नाही, ताई,” मी म्हटलं. “मी वंदना. सहज केला.”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, त्यांना नाव आठवलं नाही. मी पुन्हा सांगणार, एवढ्यात त्या म्हणाल्या,

“सहज कराले तुले इतके वर्षं लागले कावं?”

सचिननं मागून खुर्ची सरकवली, मी बसले. “जेवली का?” ताईंनी विचारलं. मग फोन दोघींपैकी कुणीच लवकर ठेवला नाही.